परसदारीची नेटकी औषधी बाग

शाळेच्या आवारात किंवा शिक्षकाच्या स्वतःच्या घरी औषधी व स्वयंपाकोपयोगी वनस्पतींची लहानशी बाग असावी, अशी सूचना प्राथमिक शिक्षकांस वेळोवेळी केली जाते. २०१९ साली केंद्र शासनाने शालेय पोषण परसबागांविषयी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. या सूचनांमागील हेतू उत्तम आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु बाग म्हटली की आपले लक्ष प्रथम संख्येकडे जाते, असा माझा अनुभव आहे. किती जाती लावल्या, किती रोपे जगली, अहवालातील रकान्यात कोणता आकडा भरावयाचा, हे प्रश्न आधी उभे राहतात. आणि लावलेल्या प्रत्येक झाडाची आपली ओळख किती, हा प्रश्न मागे पडतो. प्रस्तुत लेखात थोड्या झाडांच्या, मोजक्या पाण्याच्या आणि नेटक्या मांडणीच्या बागेचा विचार करावयाचा आहे. मलकापुरातील माझ्या राहत्या घरापुढे अशी सात कुंड्यांची बाग आहे. ती का झाली, हे सांगितल्यावाचून ती कशी करावी हे सांगण्यात अर्थ नाही.

काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो, तेथे आम्ही हौसेने बत्तीस प्रकारची झाडे लावली होती. रोपवाटिकेतून आणली, पाहुण्यांकडून मागून घेतली, ओढ्याच्या काठावरून उपटून आणली. प्रवेशद्वारी फलक लावला. आवाराच्या मागील बाजूस कुंपणासाठी म्हणून भराभर वाढणारी, गुरे तोंड लावीत नाहीत अशी एक झाडांची रांग होती. ती कोणी लावली, केव्हा लावली, याची चौकशी मी केली नव्हती. पाने हिरवीगार व रुंद असल्यामुळे ती शोभून दिसे, एवढेच मला पुरे होते.

एके दिवशी मधल्या सुट्टीत तिसरीच्या चार मुलांनी त्या झाडाची फळे फोडून आतील बिया खाल्ल्या. चवीला त्या भुईमुगाच्या दाण्यासारख्या लागतात, असे पुढे मुलांनीच सांगितले. दोन तासांच्या आत उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. मिळेल त्या वाहनाने मुलांना दवाखान्यात नेले. तेथे डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गुरुजी, कोणत्या झाडाच्या बिया?" मी उत्तर दिले, "कुंपणाच्या झाडाच्या." त्यांनी पुन्हा विचारले, मी पुन्हा तेच सांगितले. शाळेत बत्तीस औषधी वनस्पतींचा फलक लावणाऱ्या शिक्षकास कुंपणाच्या झाडाचे नाव ठाऊक नव्हते. त्या चौघांपैकी एका मुलीची आजी मागाहून धावत आली. मुलीच्या मुठीत राहिलेली अर्धी बी तिने पाहिली आणि म्हणाली, "आवं, ही तर मोगली एरंडाची बी हाय!" डॉक्टरांचे काम तेवढ्याने सोपे झाले. चौघेही मुले दुसऱ्या दिवशी घरी परतली. आजी जाता जाता मला म्हणाली, "गुरुजी, झाडं लई लावली तुमी, पन वळख कुनाची बी न्हाई." बोलण्यात राग नव्हता. त्यामुळे ते अधिक लागले.

मोगली एरंड म्हणजेच चंद्रज्योत. कुंपणासाठी हे झाड आपल्याकडे फार पूर्वीपासून लावतात, आणि २००३ नंतर जैवइंधनाच्या योजनांमुळे त्याची लागवड अनेक ठिकाणी मुद्दाम वाढविली गेली. त्याच्या बिया विषारी आहेत आणि मुलांना त्या गोड लागतात, हेच संकट. पिवळी व तांबडी कण्हेर, धोतरा, गुंज ही आणखी काही नावे. यांतील बहुतेक झाडे आपल्या शाळांच्या आसपास आजही उभी आहेत, आणि कण्हेर तर फुलांसाठी मुद्दाम लावलेली असते. माझी शिक्षकबंधुभगिनींना विनंती आहे की, नवी बाग करण्यापूर्वी एक दिवस काढून आवारात जे आहे त्याची नावे लिहून काढावीत. ज्याचे नाव येत नाही, त्यासाठी गावातील वृद्ध स्त्री, गुराखी किंवा वैदू यांस विचारावे. गावात नाव सांगणारे माणूस मिळत नाही असे सहसा होत नाही. विचारणारे मिळत नाही, असे मात्र होते.

वनस्पतीचे नाव ही लहान गोष्ट नव्हे. कोचीनच्या डच कारभाऱ्याने, हेन्द्रिक फान ऱ्हेडे याने, मलबारच्या वनस्पतींचा जो प्रचंड ग्रंथ तयार करविला, त्याचे १२ खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाले. त्या कामी इट्टी अच्युदन नावाच्या मलयाळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. वनस्पतींच्या चित्रांवर नावे घातली, ती एकाच लिपीत नव्हे, तर रोमन, मलयाळी, अरबी आणि नागरी अशा निरनिराळ्या लिप्यांत. तिघा वैद्यांनी १६७५ साली दिलेले नागरी लिपीतील प्रमाणपत्रही ग्रंथाच्या आरंभी छापलेले आहे. एका झाडासाठी चार लिप्या खर्ची घालण्याचे कारण एवढेच की, नाव चुकले तर औषध चुकते.

हा धोका जुना झाला असे कोणी समजू नये. २०२१ साली मुंबईतील काही डॉक्टरांनी गुळवेलीचे काढे घेणाऱ्या रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याची उदाहरणे प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, आणि रुग्णांनी घेतलेली वेल खरोखर गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, ही शंका पुढे मांडली. वादाचा निर्णय करणे हे आपले काम नव्हे. परंतु ज्या दोन वेली जाणकारांनाही एकमेकींसारख्या वाटू शकतात, त्यांपैकी एक आपण मुलांच्या हाती देऊ नये, एवढा बोध शिक्षकास पुरेसा आहे. म्हणूनच माझ्या सात कुंड्यांत गुळवेल नाही.

आता मांडणीकडे वळू.

थोडक्या झाडांची बाग ही कल्पना आपणांस परकी नाही. अंगणातील तुळशी वृंदावन पाहावे. एकच झाड, उंच व स्वच्छ बैठक, भोवती सारवलेली मोकळी जागा, आणि रोज न चुकता तांब्याभर पाणी. त्या झाडाजवळ दुसरे काही नसते, म्हणूनच दृष्टी तेथे ठरते. स्वित्झर्लंडमधील सेंट गॉल येथील ख्रिस्ती मठाचा इसवी सन ८२०च्या सुमाराचा एक आराखडा आजही जपून ठेवलेला आहे. त्यात रुग्णालयाजवळ औषधी बाग दाखविली असून तिचे १६ वाफे आहेत. प्रत्येक वाफ्यात एकच वनस्पती, आणि वाफ्यावर तिचे नाव. अंगणातील वृंदावन आणि मठातील वाफे यांचा परस्परांशी काहीही संबंध नसता दोन्हीकडे एकच व्यवस्था दिसते: एका जागी एक झाड.

माझ्या घराची पूर्वेकडील भिंत १४ फूट लांब आहे. तिला चुन्याची सफेदी दिली आहे. भिंतीला लागून विटांच्या दोन थरांवर शहाबादी फरश्या मांडल्या आहेत, आणि त्यांवर एकाच मापाच्या, तोंडाशी १२ इंच रुंद अशा मातीच्या सात कुंड्या ठेवल्या आहेत. दोन कुंड्यांमध्ये एका कुंडीएवढी जागा मोकळी. सात कुंड्यांचे ८४ इंच आणि सहा मोकळ्या जागांचे ७२ इंच, मिळून १५६ इंच, म्हणजे १३ फूट. हे गणित चौथीच्या मुलांकडून करवून घेतल्यास त्यांना भिंतीवर मोजपट्टी धरून पडताळाही पाहता येतो.

मोकळ्या जागेविषयी पुष्कळांची तक्रार असते. आमच्या घरी येणारे पाहुणे प्रथम हेच म्हणतात की मध्ये आणखी सहा कुंड्या सहज मावतील. माझ्या पत्नीलाही आरंभी तसेच वाटे, आणि एका श्रावणात तिने शेवंती व जास्वंद आणून त्या जागा भरल्याही. महिन्याभरात पुदिन्यावर सावली पडली, तुळशीला हवा लागेना, पाणी कोणाला घातले व कोणाला राहिले हे ध्यानात येईना. शेवंती तिच्या माहेरी गेली. मोकळ्या जागेने बाग दिसते चांगली, परंतु तिचा खरा उपयोग देखरेखीचा आहे: कोणत्या झाडाचे पान पिवळे पडले, कोणत्या कुंडीखाली गोगलगाय बसली, हे दारातूनच दिसते. रंगीत प्लॅस्टिकचे डबे, रंगविलेले टायर, फुटक्या बादल्या यांचा उपयोग करू नये असे मी म्हणणार नाही. काटकसर म्हणून तो स्तुत्य आहे. मात्र निरनिराळ्या आकारांची व रंगांची भांडी एकत्र आली की डोळा भांड्यांवर फिरतो, झाडावर थांबत नाही. डबेच वापरावयाचे तर सर्व एका मापाचे घ्यावेत आणि त्यांना एकच मातकट रंग द्यावा.

कृष्णा-कोयनेच्या काठची आमची माती काळी व चिकण. उसाला ती सोन्यासारखी आहे, पण कुंडीत तीच भरली तर पावसाळ्यात पाणी धरून मुळे कुजतात आणि उन्हाळ्यात ती कुंडीच्या कडेपासून सुटून भेगाळते. मग घातलेले पाणी भेगेतून सरळ खाली जाते व मुळे कोरडीच राहतात. यासाठी कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा, त्यावर दोन बोटे बारीक विटांचे तुकडे घालावेत, आणि वर दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग वाळू असे मिश्रण भरावे. आगाशिवाच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांकडे मुरमाड जमीन असते. त्यांनी वाळू कमी व खत अधिक घ्यावे. वरून उसाच्या पाचटाचे बारीक तुकडे करून दोन बोटे जाडीचा थर द्यावा. कऱ्हाड तालुक्यात पाचट विकत आणावे लागत नाही; ते जाळून टाकणाऱ्यांच्या शेतातून उचलावयाचे, एवढेच.

पाण्याच्या बाबतीत मलकापूरचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात येथे चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना झाली, आणि घरोघरच्या नळास मीटर बसले. अखंड पाणी मिळाले म्हणजे लोक ते उधळतील अशी समजूत असते. परंतु मीटरवरील आकडा डोळ्यांसमोर फिरू लागला की हात आपोआप आखडतो, आणि नळ उद्याही येणार हे ठाऊक असल्यामुळे शिळे पाणी ओतून देण्याची सवयही जाते. कुंड्यांच्या बागेला पाणी थोडे लागते, पण ते किती लागते हे मोजलेले बरे. एप्रिल-मे या ६१ दिवसांत सहा कुंड्यांना रोज एक लिटर, म्हणजे ३६६ लिटर. कोरफडीस आठवड्यातून एकदा एक लिटर, म्हणजे नऊ वेळा मिळून ९ लिटर. एकूण ३७५ लिटर. आमच्या घरी यापैकी पुष्कळसे पाणी तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेलेच असते. शाळेत पोषण आहाराचे तांदूळ धुतल्यावर जे पाणी टाकले जाते, तेवढ्यावर अशा कुंड्यांच्या एका ओळीचे भागावे. साबणाचे व मिठाचे पाणी मात्र घालू नये. हिवाळ्यात एक दिवसाआड निम्मे पाणी पुरते. पावसाळ्यात मातीत बोट खुपसून पाहावे आणि मगच ठरवावे.

पूर्वेची भिंत निवडली ती सकाळच्या उन्हासाठी. पाच-सहा तास ऊन मिळाले पाहिजे, परंतु आमच्याकडील वैशाखातील दुपारचे ऊन कोवळ्या पानांस सोसत नाही. पश्चिमेस तोंड असलेल्या घरी चैत्र-वैशाखापुरता पाचटाचा किंवा जुन्या धोतराचा आडोसा करावा.

सात झाडांची निवड करताना मी स्वतःस तीन प्रश्न विचारले. नाव निश्चित ठाऊक आहे काय? घरात महिन्यातून एकदा तरी उपयोग होतो काय? मुलाने चुकून पान तोंडात घातले तर धोका आहे काय? तिसऱ्या प्रश्नावर अनेक प्रतिष्ठित झाडे गळाली. अडुळसा खोकल्यावर प्रसिद्ध आहे, परंतु गरोदर स्त्रियांस तो वर्ज्य सांगतात. त्याच्या पानांस शेळ्यासुद्धा तोंड लावीत नाहीत, म्हणून त्यास कुंपणाची जागा दिली, आणि कुंपणावर नावाची पाटी लावली. उरली ती तुळस, गवती चहा, पुदिना, पानओवा, कोथिंबीर, हळद आणि कोरफड. कढीपत्ता जमिनीत आहे. त्याचा विस्तार कुंडीत मावण्याजोगा नाही.

तुळशीचे बी बारीक असते. ते वाळूत मिसळून वरवर पेरावे, मातीत खोल गाडू नये. रोप वीतभर झाल्यावर शेंडा खुडला की फांद्या फुटतात. मंजिऱ्या येऊ लागताच खुडाव्यात. सर्व मंजिऱ्या पिकू दिल्या की झाडाची शक्ती बियांत जाऊन पाने लहान व विरळ होतात. एक मंजिरी बियाण्यासाठी राखावी. घरातील वडील मंडळी मंजिरी खुडण्यास नाखूष असतात. त्यांना ती देवास वाहण्यासाठी द्यावी. दोन्ही कामे होतात.

गवती चहाचा ठोंब लावावा, पुदिन्याची काडी. पुदिना जमिनीत लावला तर शेजाऱ्याचे वाफे गिळतो, म्हणून त्यास कुंडीच योग्य. वर्गात काचेच्या बाटलीत पाणी घालून त्याची काडी उभी ठेवल्यास आठ-दहा दिवसांत पांढरी मुळे दिसू लागतात. झाड बीवाचूनही होते हे पाठ्यपुस्तकातील वाक्य मुलांना त्या बाटलीत दिसते. पानओव्याची फांदी तोडून एक दिवस सावलीत सुकू द्यावी व मग लावावी, म्हणजे कुजत नाही. येथे एक भ्रम दूर करावा. आपण मसाल्याच्या डब्यातून जो ओवा काढतो, त्याचे हे झाड नव्हे. तो ओवा कोथिंबिरीच्या कुळातील आहे आणि पानओवा तुळशीच्या. वास सारखा, कुळ निराळे. मुलांना दोन्ही चोळून वास घेऊ द्यावा आणि मग पाने शेजारी ठेवून पाहू द्यावीत.

कोथिंबिरीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण नव्या बागाइतास पहिली निराशा तिच्याकडून मिळते. दुकानातील धणे जसेच्या तसे पेरले आणि उगवलेच नाहीत, ही तक्रार नेहमीची. धणा हे एक बी नव्हे. ते फळ असून त्याच्या दोन पाकळ्यांत दोन बिया असतात. धणे फडक्यावर घेऊन वरवंटा हलक्या हाताने फिरवावा, म्हणजे ते दुभंगतात. जोर लावला तर चटणीचे साहित्य तयार होते, हेही मुलांकडून दोनदा झाले आहे. दुभंगलेले धणे रात्रभर पाण्यात भिजवून पेरावेत आणि वर अर्धा इंच माती पसरावी. तरीही उगवण्यास आठ ते बारा दिवस लागतात. मेथी मात्र तीन-चार दिवसांतच वर येते. एका कुंडीत अर्ध्या भागात धणे व अर्ध्या भागात मेथी पेरून मुलांकडून रोज नोंद ठेवविली, तर पाचव्या दिवशी धण्याकडील मुले रडकुंडीला येतात. तेव्हा माती उकरून पाहू न देणे हे शिक्षकाचे काम. उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर जाते, तिच्याकडून पानांची अपेक्षा करू नये. त्या काळात कुंडीत सब्जा पेरावा. सब्ज्याचे चमचाभर बी पाण्यात टाकल्यावर काही मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत पांढरे कवच फुगते, आणि मुले तो चमत्कार पाहून झाल्यावर आनंदाने पिऊनही टाकतात.

हळद ही आपल्या मुलखाची. सांगलीची हळदपेठ देशात नामांकित आहे. सांगलीजवळ हरिपूर येथे जमिनीत पेवे खणून त्यांत हळद साठविण्याची जुनी रीत होती. २००५च्या महापुरात त्या पेवांचे मोठे नुकसान झाले. सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधीची एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट देण्यात आले. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, तिचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर असताना, त्यास हरकत घेतली; हा गुण भारतात पूर्वापार ठाऊक असल्याचे जुने लेखी पुरावे दाखल केले; आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. आजीला ठाऊक आहे एवढे सांगून तेथे भागले नसते. कोणीतरी केव्हातरी लिहून ठेवले होते, म्हणून काम झाले. मुलांनी आपापल्या घरी चालत आलेले झाडपाल्याचे उपयोग आजी-आजोबांस विचारून वहीत लिहावेत, हा स्वाध्याय मी तेव्हापासून दरवर्षी देतो. 'हे आम्ही ऐकले आहे. याचा प्रयोग घरी करावयाचा नाही' असे वाक्य प्रत्येक पानाच्या शिरावर लिहवून घेतो.

हळदीचा डोळा असलेला तुकडा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, निदान पाऊस लागण्यापूर्वी, तीन बोटे खोल लावावा. आठ-नऊ महिन्यांनी पाने पिवळी पडून वाळतात, तेव्हा पाणी तोडावे व कुंडी पालथी करावी. कुंडी पालथी करण्याचा दिवस मुलांनी ठरवावा; कारण वरून काहीच दिसत नसताना आत पिवळेधमक कंद निघतात, तो क्षण त्यांच्या वाट्यास आला पाहिजे. त्याच हळदीच्या पाण्यात टिपकागद बुडवून सावलीत वाळवावा. त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला की तांबडा डाग उमटतो, आणि लिंबू पिळले की तो पुन्हा पिवळा होतो. चुन्याच्या निवळीनेही हेच होते, परंतु लहान मुलांच्या डोळ्यांस चुना धोक्याचा, म्हणून साबण बरा. हळदीपासून कुंकू कसे होते, हा प्रश्न त्या तांबड्या डागावरून एखादी मुलगी आपण होऊनच विचारते.

कोरफडीस पाणी कमी व ऊन भरपूर द्यावे. बाजूचे फुटवे काढून वेगळे लावावेत. पान कापल्यावर जो पिवळा चीक गळतो तो तीव्र रेचक आहे. पान उभे ठेवून तो निथळू द्यावा, गर धुवून घ्यावा, आणि शाळेत तिचा उपयोग बाहेरून लावण्यापुरताच ठेवावा. तोंडाने काहीही देऊ नये. हा नियम खरे तर सातही झाडांस लागू आहे: चहात, कढीत, चटणीत जे पान घरी रोज जाते ते जावे, आजार पाहून पाला देणे हे शिक्षकाचे काम नव्हे. ताप आलेल्या मुलास तुळशीचा काढा देऊन वर्गात बसवून ठेवण्यापेक्षा आरोग्य उपकेंद्रात धाडावे.

पाट्यांविषयी एक गोष्ट राहिली. बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरील शाई एका पावसात उडते. आमच्याकडे माळ्यावर जुन्या दगडी पाट्यांचे तुकडे पडले होते. लाकडी चौकट गेलेली, पण दगड शाबूत. त्यांवर पांढऱ्या तैलरंगाने नाव लिहून ते कुंडीत रोवले आहेत. पुढील बाजूस नाव, मागील बाजूस घ्यावयाची काळजी. काळ्या पाटीवर पांढरे अक्षर, मागे पांढरी भिंत, मध्ये हिरवे पान. याहून अधिक सजावट त्या ओळीला सोसणार नाही असे माझे मत आहे.

दाराच्या दुसऱ्या बाजूस आठवी कुंडी आहे. ती माती भरून रिकामी ठेवली आहे. माझ्या शाळेतील कोणत्याही मुलाने घरचे किंवा रानातले एखादे झाड आणावे आणि त्या कुंडीसाठी मागणी करावी. अट अशी की, त्या झाडाचे नाव घरातील दोन मोठ्या माणसांनी वेगवेगळे विचारल्यावर एकच सांगितलेले असावे, आणि ते खाल्ले तर काय होते याचे उत्तर मुलाने आणावे. उत्तर न आल्यास झाड सन्मानाने परत जाते. पहिल्या वर्षी चौदा झाडे आली व तीन लावली गेली. त्यांतील एक माका होता. ज्या मुलाने तो आणला, त्याच्या आजीने व काकाने निरनिराळी नावे सांगितली, म्हणून तो दोनदा परत गेला. तिसऱ्या खेपेस मुलगा आजीला बरोबर घेऊनच आला. कुंडीपाशी बसून तिने पान चुरगळले, हातावर काळसर डाग पडलेला दाखविला, आणि काकाने सांगितलेले नाव दुसऱ्या कोणत्या झाडाचे आहे तेही सांगितले. ते झाडही तिने ओढ्यावरून आणून दाखविले. त्या दिवशी माझ्याच वहीत दोन नावांची भर पडली.

ज्या शिक्षकबंधुभगिनींना अशी ओळ मांडावयाची असेल, त्यांनी आरंभी सातही कुंड्या घेऊ नयेत. तुळस, पुदिना व गवती चहा या तिघांवर एक पावसाळा काढावा आणि मग पुढे जावे. पुदिना व गवती चहा दरवर्षी विरळ करावे लागतात, त्यामुळे मृगाच्या पावसानंतर माझ्याकडे ठोंब व काड्या शिल्लक राहतात. त्या नेण्यास येताना ओले फडके आणि आपल्या शाळेच्या आवारातील झाडांच्या नावांची यादी, एवढे बरोबर आणावे.